‘आकात्तोने’ला ‘बायसिकल थीव्ह्ज’च्या माळेत ओवू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत इटालियन दिग्दर्शक पाझोलिनीच्या ‘आकात्तोने’ या सिनेमावर लेख दिसला आणि आधी आनंदच झाला, मराठी पेपरात या सिनेमाला एरवी कोण जागा देतंय. पण वाचत गेलो तसा वैताग यायला लागला. लेखक म्हणतात हा डी सिका या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’च्याच पठडीतला, फक्त 13 वर्षं उशिरा, 1961 साली आलेला.

अहो पठडी कसली? डी सिकाचा अंतोनियो सायकल गेली तर काम जाईल म्हणून अख्खं रोम पालथं घालतो. इकडे ‘आकात्तोने’चा नायक वित्तोरियो रोमच्या कडेच्या खोपट्यांत राहतो, बाईच्या धंद्यावर जगतो आणि कामाला जाणाऱ्यांना हसतो. त्याचं टोपणनाव आकात्तोने म्हणजेच मुळी भीकमाग्या, फुकट्या. स्टेला नावाच्या पोरीपायी एकदा सुधारायचं ठरवतो, एक दिवस लोखंड उचलतो, तेवढ्यात गार. आणि हा माणूस आपल्याला आवडावा म्हणून दिग्दर्शक काडीचा प्रयत्न करत नाही, उलट पोटच्या पोराला जवळ घेऊन लाड करता करता तो त्याच्या गळ्यातली साखळी लांबवतो, तो सीन आला तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या मित्राने मोठ्यानं शिवी हासडली होती.

लेखातलं ‘जसं आहे तसं दाखवलं’ हे पण अर्धंच खरं. वित्तोरियो झालेला फ्रांको चित्ती नट नव्हता, वस्तीतलाच पोरगा, पण पडद्यावरचा आवाज त्याचा नाही! पाओलो फेरारी नावाच्या नटाने डबिंग केलंय. आणि ते समोरून घेतलेले स्तब्ध चेहरे बघा, पाझोलिनी बोलोन्याला रोबेर्तो लोंगींकडे चित्रकलेचा इतिहास शिकला होता ते लगेच कळतं, चर्चच्या भिंतीवरच्या संतांसारखे दिसतात ते भुरटे. दिग्दर्शक फेलिनी आधी या सिनेमात पैसे घालणार होता, ट्रायलचे तुकडे बघून मागे सरला, मग आल्फ्रेदो बिनीने निर्मिती केली.

लेखात सिनेमातल्या बाख या जर्मन संगीतकाराच्या संगीताला ‘अनाठायी’ म्हटलंय, खरं तर पत्र लिहायला बसलो ते यासाठीच. वित्तोरियोची बायकोच्या भावाशी धुळीत झटापट चालू असते, लोळतायत, माती खातायत, आणि वरून वाजतं ते ‘सेंट मॅथ्यू पॅशन’, म्हणजे येशूच्या मरणाचं संगीत. आपल्याकडे गटाराच्या कडेला दोन दारुडे भिडलेत आणि मागे कुणी करुण स्वरात अभंग धरलाय असं काहीसं. खटकतंच, खटकायलाच पाहिजे. ज्याच्या मरणाला कुत्रं रडणार नाही त्याला येशूचा शोक देऊन टाकलाय, हे अनाठायी असेल तर मग सिनेमात उरलं काय?

आणखी एक, शेवटी वित्तोरियो पोलिसांच्या गोळीने मरतो असं छापलंय. नाही हो. चोरी पकडली जाते, तो मोटारसायकल घेऊन पळतो आणि अपघातात जातो. रस्त्यावर पडल्या पडल्या म्हणतो, आता बरं वाटतंय. बाजूला त्याचा साथीदार, हातात बेड्या, त्याच हातांनी कसाबसा क्रूस करतो. गोळीचं तेवढं दुरुस्त करून छापा.

आपला एक जुना वाचक