दुपारचा क्रॅश आणि दुधाचे खाडे

नागपूर,
२८ मे

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "फेक बे तो फोन अंबाझरीत, मासे वापरतील." मी गप्प बसलो, कारण त्या वेळी मलाही तसंच वाटून राहिलं होतं. आता मात्र फेकत नाही. दुखणं सापडलं. कसं सापडलं ते मेसेजमध्ये मावणार नाही, म्हणून हे पत्र. शिवाय नवतपा चालू आहे, दुपारी उंबऱ्याबाहेर पाय टाकवत नाही, म्हणजे मला लिहायला वेळच वेळ. तूही पन्ह्याचा ग्लास घेऊन बस.

दिवाळीत तू तो पाइनफोन, लिनक्सवर चालणारा, माझ्या गळ्यात मारलास तेव्हा म्हणाला होतास, "वापर, नाहीतर पेपरवेट कर." मी त्यावर मोबियन टाकलं. म्हणजे डेबियन नावाचं लिनक्सच, फोनच्या मापाचं. मागचं झाकण नखानं उघडतं, बॅटरी हातात येते आणि आत सहा इवलेसे स्विच आहेत: मोडेम, वायफाय, माइक, दोन कॅमेरे आणि हेडफोन. टूथपिकनं खाली-वर करायचे. मला या झाकणाचंच जास्त कौतुक. महागड्या फोनमध्ये असं काही उघडायला गेलं तर वॉरंटीच उडते.

तर उन्हाळ्यात डोक्यात आलं की मोडेम बंद केला तर नेमकी किती वीज वाचते ते बघू. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम मिळाला, सी भाषेतला, काही शे ओळींचा. नाव सांगत नाही, कारण लिहिणारा माणूस सज्जन आहे आणि चूक अशी की ती तुझ्यामाझ्या हातूनही झाली असती. तुला माहीतच आहे, लिनक्समध्ये बॅटरीसुद्धा एक फोल्डर असते. सिस, क्लास, पॉवर सप्लाय असं आत जायचं. तिथे करंटची एक फाइल, व्होल्टेजची एक, टक्क्यांची एक, स्टेटसची एक. आकडे मायक्रोमध्ये. अडतीस लाख मायक्रोव्होल्ट, साडेचार लाख मायक्रोअँपिअर, गुणाकार करून शून्यं उडवली की झाले १.७ वॅट. प्रोग्राम दर पाच सेकंदांनी या फाइली वाचतो आणि वर कोपऱ्यात आकडा दाखवतो. बस, एवढंच काम.

आणि एवढं करताना तो मरायचा. आयकॉनवरून उघडला की काही न बोलता गायब. म्हणून लॅपटॉपवरून एसएसएच करून, म्हणजे लांबूनच फोनमध्ये शिरून, टर्मिनलमध्ये चालवला. तिथे निदान मरताना एक ओळ तरी बोलला: बफर ओव्हरफ्लो डिटेक्टेड, म्हणजे ठेवलेल्या जागेत न मावणारं काहीतरी ओतलं गेलं, आणि खाली अबॉर्टेड. पण कधी? कधी तासाभरात, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. मी वैतागून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी मेला त्या तारखेला, एक फुली मारायला लागलो आणि फुलीखाली बारीक अक्षरात वेळ.

इथे आमच्या घरातलं प्रकरण सुरू झालं. त्याच कॅलेंडरवर आई दुधाचे खाडे मांडते. तिची खूणही फुलीच. महिनाअखेरीला दूधवाला आला, आईनं फुल्या मोजल्या आणि पाच दिवसांचे पैसे कापले. तो बिचारा रडकुंडीला आला, "माँजी, मैं तो एकही दिन नहीं आया था." दोघांची जुंपली. मी कूलरमध्ये पाणी भरत होतो, पाइप तसाच सोडून धावलो. चार फुल्या माझ्या होत्या. आईनं चष्मा लावून माझं बारीक अक्षर वाचलं आणि कपाळाला हात लावला: "सव्वा दोन, पावणेतीन, दोन, साडेतीन. दूध काय दुपारी येते का रे?"

पक्या, मी कॅलेंडरकडे बघतच राहिलो. चारही वेळा दुपारच्या. सकाळी नाही, रात्री नाही.

पण मी लगेच शहाणा झालो असं समजू नको. आधी एक अख्खा दिवस भलत्याच चोरामागे घालवला. प्रोग्राममध्ये "किती वेळ पुरेल" असाही एक आकडा आहे. उरलेला चार्ज भागिले करंट. मी म्हटलं, करंट शून्य झाला की शून्यानं भागाकार, खेळ खलास! कोड उघडला तर तपासणी खरंच नव्हती. मी खूश. दुरुस्ती केली, डेबियनच्याच पद्धतीनं प्रोग्राम पुन्हा बांधला, चहा प्यायलो, आणि दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तो पुन्हा आडवा. मग डोकं चालवलं. शून्यानं पूर्णांकाचा भागाकार केला तर आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर बोंब मारतो आणि लिनक्स आठ नंबरचा सिग्नल देऊन प्रोग्रामचा जीव घेतं. पण फोनमधला चौसष्ट बिटी एआरएम प्रोसेसर तसं करत नाही. तो गुमान शून्य उत्तर देतो आणि पुढे जातो. माझा प्रोग्राम सहा नंबरच्या सिग्नलनं मरत होता. तो अबॉर्टचा, म्हणजे आत्महत्या. पहिल्याच दिवशी पडद्यावर ते लिहून आलं होतं, पण वाचतो कोण.

मग म्हटलं, रीतसर करू. पुन्हा बांधला, पण या वेळी जीडीबीत, म्हणजे चुका शोधायच्या साधनात, नीट दिसावं म्हणून ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करायची करामत, बंद केलं. तर गंमत बघ, आता तो मरेचना! भर दुपारी टुकटुक चालू. फक्त अधूनमधून बॅटरी शून्य टक्के दाखवायचा. मी फाइल उघडून बघितली तर आत ७४. दोन मिनिटांनी प्रोग्रामही ७४ म्हणायचा. मरत नाही पण भ्रमिष्ट झाला, असं काहीसं.

शेवटी मी दुसऱ्या खिडकीत एक साधा लूप लावला. स्टेटसची फाइल दर सेकंदाला वाच आणि छाप. फोन चार्जरला लावला आणि गच्चीच्या दारापाशी, जिथे कूलरची हवा पोचत नाही, तिथे स्टुलावर ठेवला. बाहेर पंचेचाळीस. फोनची पाठ हाताला चटका देत होती. आई म्हणाली, "त्याच्याही खिशात कांदा ठेव." पडद्यावर चार्जिंग, चार्जिंग, चार्जिंग येत होतं. मग एकदम नॉट चार्जिंग. आणि त्याच वेळी बाजूच्या खिडकीत शून्य टक्के.

तुझ्या लक्षात आलं असेल. लिथियम बॅटरी साधारण पंचेचाळीस अंशांपुढे चार्ज करू नये असा दंडक असतो. चार्जर लावलेला, पण बॅटरी तापलेली, म्हणून चार्जिंग थांबलेलं, आणि फोन चालतोय चार्जरच्याच विजेवर. करंट आत नाही, बाहेर नाही. अशा अवस्थेला कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, शब्द नॉट चार्जिंग. आता कोडमध्ये बघ: स्टेटससाठी जागा ठेवली होती बारा बाइट. लिहिणाऱ्यानं मापायला सगळ्यात लांब शब्द घेतला असणार डिसचार्जिंग. इंग्रजीत अकरा अक्षरं, आणि शब्द संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट धरून बारा. अगदी शिंप्यासारखं माप. पण नॉट चार्जिंग ही मधल्या मोकळ्या जागेसकट बारा अक्षरं, वर शून्य बाइट, तेरा. एक बाइट बाहेर सांडला.

सांडला तो कुठे? त्या बारा बाइटांना लागून टक्क्यांचा आकडा होता. ७४ च्या नेमक्या खालच्या बाइटवर शून्य पडलं, झाले शून्य टक्के. हे माझ्या बांधणीत. डेबियनच्या पद्धतीच्या बांधणीत ऑप्टिमायझेशन चालू, सोबत फोर्टिफायचा पहारा. तो पहारेकरी कॉपी करताना माप बघतो आणि एक बाइट जरी जास्त दिसला तरी प्रोग्रामच बंद करतो. ऑप्टिमायझेशन काढलं की पहारेकरीही घरी जातो. म्हणून माझ्याकडे मरत नव्हता. मला तर मरणारा प्रोग्रामच बरा वाटला, राजा. शून्य टक्के बघून मी तो फोन नक्कीच बॅटरी खराब म्हणून अडगळीत टाकला असता.

दुरुस्ती दोन ओळींची. बाराचे बत्तीस केले आणि माप बघून कॉपी करणारं फंक्शन घातलं. हा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, लिहिणाऱ्याला पाठवला. तो कुठल्या तरी थंड मुलखातला असावा. त्यानं दुसऱ्याच दिवशी पॅच घेतला आणि विचारलं, तुझ्याकडे ही अवस्था रोज कशी काय येते? मी त्याला आमच्या गच्चीच्या दाराचं वर्णन लिहून पाठवलं. मुळात मोडेमचं माप घ्यायचं होतं ते राहिलंच आहे. ते आता पहाटे घेईन, पाच वाजता, गार असतं तेव्हा.

तू जूनमध्ये येणार म्हणालास ना? पाऊस पडल्यावरच ये, आधी आलास तर नुसता कूलरसमोर पडून राहशील. येताना तुझ्याकडची ती सिरियल केबल आण. झाकणाखालचा हेडफोनचा स्विच पालटला की हेडफोनच्या भोकातून थेट कन्सोल, म्हणजे फोनला हुकूम द्यायचा पडदा, मिळतो, ते एकदा करून बघायचं आहे. तर्री पोहे माझ्याकडून.

तुझा,
बंड्या

ता.क. दूधवाल्याचे चार दिवसांचे पैसे मी माझ्या खिशातून दिले. आईनं कॅलेंडर तिच्या खोलीत नेऊन टांगलं आहे.