गोळ्या डॉक्टरांनीच दिल्या होत्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या वेदनाशामक गोळ्यांवरचा कालचा लेख वाचला. त्या गोळ्यांनी मेलेल्या कामगारांना त्यात सरसकट ‘व्यसनाच्या आहारी गेलेले’ म्हटले आहे. वॉशिंग्टन राज्याच्या कामगार विभागाच्या डॉक्टरांनी २००५ साली आपल्याच नोंदींतून ३२ मृत्यू पुढे आणले होते. कामावर जखमी होऊन भरपाईच्या योजनेत आलेली ही माणसे १९९५ ते २००२ या काळात लिहून दिलेल्या अफूजन्य गोळ्यांनी, नक्की किंवा बहुधा, दगावली. त्यांचा उल्लेखही लेखात नाही.

तिथल्याच टेनेसी राज्याचा २०१७ चा निकाल मात्र लेखकाला पटलेला दिसतो. दगावलेल्या एका सुताराने गोळ्या ठरल्यापेक्षा जास्त घेतल्या, वर दारूही घेतली, म्हणून त्याच्या बायकोला मंजूर झालेली भरपाई तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. अहो, पण कामावरच्या अपघातानंतर दुखणे थांबेना म्हणूनच त्याच्या हातात त्या गोळ्या आल्या ना! रात्रभर तळमळणारा माणूस एक गोळी जास्त घेतो, हे ज्याच्या घरात असे दुखणे आहे त्याला सांगावे लागत नाही.

माझा धाकटा भाऊ सेंट्रिंगच्या कामावर होता. परांचीवरून पडला, कमरेला मार बसला. ठेकेदाराने त्याला स्वतःच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेले. तपासण्या नाहीत, विश्रांती नाही. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन, पिशवीभर गोळ्या आणि सोमवारपासून कामावर. हे महिनोन्‌महिने चालले. तोंडावर सूज आली तेव्हाही गोळ्या बंद करा असे कुणी म्हणाले नाही. शेवटी दोन्ही किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झाले आणि तो गेला. वहिनीने दावा लावला. ठेकेदाराचे वकील म्हणाले, हा पडून मेला नाही, किडनीच्या आजाराने मेला. दावा फेटाळला गेला. पुढे अपील करायला तिच्याकडे ना पैसे होते, ना त्राण.

त्या दाव्यापायी मला कायदा वाचावा लागला. तेव्हा लागू असलेला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. त्यात २००९ साली दुरुस्ती होऊन जखमेच्या उपचाराचा खर्च मालकावर आला. उपचार जर जखमेचाच भाग आहे, तर उपचारानेच जीव गेल्यावर तो मृत्यू जखमेपासून वेगळा कसा काढता? आणि नशेचा मुद्दा म्हणाल तर, कामगार नशेत असल्यामुळे अपघात झाला हा मालकाचा बचाव आपल्याकडे मृत्यूच्या दाव्यात १९९५ च्या दुरुस्तीपासून चालत नाही. लेखकाने हेही लिहायला हवे होते. अशा अफूजन्य गोळ्या बनवणाऱ्या पर्ड्यू फार्मा या अमेरिकी कंपनीने २०२० मध्ये न्यायालयात गुन्हे कबूल केले, त्याला लेखात एक ओळ मिळाली. कामगारांच्या ‘बेजबाबदारपणा’ला दोन परिच्छेद!

आणखी एक. याच अंकात आतल्या पानावर ‘कंबरदुखी सात दिवसांत गायब’ अशी पाव पान जाहिरात आहे. औषधात काय आहे याचा एक शब्द नाही, नुसता फोन नंबर. माझ्या भावासारखी अंगमेहनत करणारी माणसेच अशा नंबरवर फोन करतात. ती जाहिरात कृपा करून बंद करा.

आपली,
एक वाचक, मिरज