विषय: मॉडेल रेल्वेचे आयर्न ओअरचे (लोहखनिजाचे) लोड परत घ्या आणि पैसे द्या

नमस्कार सर/मॅडम,

मागच्या महिन्यात तुमच्याकडून एचओ स्केलच्या (खऱ्याच्या 1:87) मॉडेल बॉक्सएन वॅगनसाठी, म्हणजे मालगाडीच्या उघड्या डब्यांसाठी, कोळशाचे 6 आणि आयर्न ओअरचे 6 लोड (डब्यात ठेवायचे मालाचे नकली ढीग) मागवले, 1,450 रुपये आधीच भरले, पार्सल वेळेत आलं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पार्सल उघडलं आणि डोक्याला हात लावला.

अहो दोन्ही एकाच साच्यातले आहेत ना? एकाला काळा रंग, दुसऱ्याला विटकरी, झालं काम! ओअर कोळशाच्या तिप्पट जड असतं हो. बॉक्सएनमध्ये जागा साधारण 56 घनमीटर आणि माल भरायचा 58 टनांच्या आसपास, त्यामुळे कोळशाचा ढीग काठाच्या वर दिसतो पण ओअर अर्ध्याच्याही खाली राहतं, बाजूने बघितलं तर वॅगन रिकामीच वाटते. तुमच्यासारखं शिगोशीग भरलं तर एका वॅगनमध्ये 140 टन होतील, स्प्रिंगांचं काय होईल? 1:87 मध्ये ओअरचा थर सरासरी 9 मिलिमीटर पुरे. आणि सहाच्या सहा लोडांवर तोच खड्डा त्याच जागी, पेलोडरवाला काय पट्टी लावून भरतो का?

माझा मॉडेल रेल्वेचा लेआउट कॅसल रॉक ते कुळे, म्हणजे कर्नाटक-गोवा सीमेवरचा ब्रगांझा घाट, चढ खऱ्यासारखाच 1:37 ठेवलाय. सासरी मडगावला जाताना या मालगाड्या इतक्या वर्षं बघतोय की डोळ्यांना लगेच खटकतं.

कोळशाचं दुखणं वेगळं. भरीव रेझिन, एकेक लोड 62 ग्रॅम! माझ्या वॅगन एनएमआरएच्या (अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) वजनाच्या हिशोबाने आधीच 100 ग्रॅमच्या जवळपास केल्यात, त्यात हे टाकलं की दुसऱ्या वळणावर इंजिनाची चाकं जागीच फिरतात. खऱ्या घाटात मागून ढकलायला बँकर (जादा इंजिन) लावतात, मी पण लावू का? तुमच्या कस्टमर केअरवाल्याला सांगितलं तर म्हणे सर मॉडेल आहे, एवढं कोण बघतं. अहो बघायलाच तर करतो ना हे सगळं!

तर ओअरचे 6 लोड तुमच्या खर्चाने परत न्या आणि त्यांचे पैसे 8 दिवसांत जमा करा, फोटो सोबत जोडलेत. कोळशाचे राहू देत, ते मी खालून पोखरून हलके केले आणि त्या चकचकीत रंगावर खरा कोळसा कुटून, चहाच्या गाळणीने चाळून फेविकॉलने चिकटवला. गाळणी गेली, ती आता मलाच आणून द्यायचीये.

तुमचा एक ग्राहक