तक्रार पत्र: चवथीच्या बाजाराला न चाललेली चवथीची कुपने

म्हापसा, गोवा
दिनांक: 8 सप्टेंबर 2025

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

विषय: चवथीच्या योजनेतील कुपने म्हापसा दालनात नाकारल्याबद्दल, आणि त्याच आठवड्यातील सेलच्या दरांबद्दल तक्रार

महोदय,

आपल्या म्हापशाच्या दालनातून मी बरीच वर्षे घरचे वाणसामान भरते. जुलैमध्ये आपण चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, योजना काढली. प्रत्येक 1500 रुपयांच्या खरेदीवर 150 रुपयांचे एक कुपन, आणि ते 18 ते 26 ऑगस्ट या काळात किमान 500 रुपयांच्या वाणसामानावर वापरायचे, असे कुपनावर छापलेले होते. माझ्याकडे अशी सहा कुपने जमली, म्हणजे 900 रुपये. त्यांपैकी एकही आपल्या दालनाने चवथीच्या सामानावर घेतले नाही. माझी मुख्य तक्रार ही आहे. सेलच्या दरांबद्दलची तक्रार तिच्यातूनच पुढे येते.

ही 900 रुपयांची कुपने फुकट मिळालेली नव्हती. ती मिळावीत म्हणून मी दोन महिन्यांची खरेदी आपल्याकडे वळवली. एरवी तांदूळ, कडधान्ये मी गोवा बागायतदार या सहकारी भांडारातून आणते आणि भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून. जुलै-ऑगस्टमध्ये भाजी सोडून बाकी सगळे आपल्याकडून घेतले, काही वस्तू दोन-चार रुपये महाग पडत असूनही. कुपनातून ते भरून निघेल आणि वर चवथीला हात थोडा सैल राहील, हा हिशेब होता. माझ्या शेजारणीने तर सरकारच्या गृह आधार योजनेतून गृहिणींना दरमहा मिळणारे 1500 रुपये जमा झाल्या झाल्या आपल्याकडे नेऊन खर्च केले, कारण तेवढ्याला बरोबर एक कुपन मिळत होते. आपल्या योजनेत 1500 हा आकडा कोणी का ठरवला हे मला ठाऊक नाही, पण गोव्यातल्या गृहिणीला तो कुठून ओळखीचा आहे, हे मात्र नक्की ठाऊक आहे.

चवथीचा खर्च कसा असतो हे गोव्यात दुकान चालवणाऱ्यांना सांगायला नको. नेवऱ्यांना चणाडाळ, गूळ, रवा, तूप, खसखस. पातोळ्या, मोदक, खीर. खतखत्याच्या भाज्या वेगळ्या, माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचे, सामान वेगळे. त्यात नारळ महाग. घरी पाहुणे येणार, पाच दिवसांचा गणपती, आणि पगार मात्र नेहमीचाच. अशा वेळी 900 रुपये म्हणजे घरचे तूप आणि त्यावर गूळ-डाळ. म्हणून आम्ही बायका ती कुपने पिठाच्या डब्याखाली जपून ठेवतो.

शुक्रवारच्या बाजाराची गर्दी टाळावी म्हणून 21 ऑगस्टला, गुरुवारी, मी आपल्या दालनात आले. सामान घेतले, रांगेत उभी राहिले, सगळे पट्ट्यावर मांडले. कुपने पुढे केल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकी, सिस्टम घेत नाही." तिने बाजूला चिकटवलेला कागद दाखवला. त्यावर इंग्रजीत लिहिले होते की कुपने सेलमधील मालावर चालणार नाहीत, तसेच तेल, तूप, साखर, गूळ आणि डाळींवरही चालणार नाहीत. त्या मुलीबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे इथेच स्पष्ट करते. दिवसभर लोकांची बोलणी तीच खात होती, आणि कागद तिने लिहिलेला नव्हता.

त्या आठवड्यात चवथीला लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वस्तूवर पिवळे सेलचे लेबल होते. सेलमधून जे सुटले, ते त्या यादीने वगळले. मग कुपन चालत होते कशावर? मी व्यवस्थापकांना विचारले. त्यांनी साबण, फरशी पुसायचे औषध, बिस्किटे आणि नूडल्स अशी नावे सांगितली. कुपनावर समईचे आणि मोदकांचे चित्र आहे. त्यावर ठळक देवनागरी अक्षरांत "चवथीची भेट" असे छापलेले आहे. ती भेट फरशीच्या औषधावर वापरा, असे आपण आम्हाला सांगता.

माझ्यामागे अस्नोड्याहून आलेल्या एक आजी उभ्या होत्या. त्यांची कुपने प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेली होती. त्यांनी माझे बोलणे ऐकले, आपल्या टोपलीतली तुपाची बाटली काढून शेजारच्या फळीवर ठेवली आणि काही न विचारता उरलेल्या सामानाचे पैसे दिले. मी निदान भांडले. त्यांच्यासारखी किती माणसे गप्प घरी गेली असतील, याचा विचार आपण करावा. मीही तूप आणि गूळ तिथेच ठेवून उरलेल्याचे पैसे भरले आणि ते दोन्ही बागायतदारमधून आणले.

कुपनाची मागची बाजू मी घरी येऊन पुन्हा वाचली. तिथे चार अटी आहेत: तारखा, किमान खरेदी, रोख रक्कम मिळणार नाही, आणि झेरॉक्स चालणार नाही. सेलचा उल्लेख नाही. तूप-तेल-डाळी वगळल्याचा उल्लेख नाही. म्हणजे आम्ही पैसे खर्च करून झाल्यावर, कुपन वापरायच्या आठवड्यात अट वाढवली गेली. व्यवस्थापक म्हणाले की कुपनाच्या कोपऱ्यात "अटी लागू" असे लिहिले आहे. त्या दोन शब्दांच्या आधारावर वाटेल ती अट मागाहून घालता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत असेल, खुलासाही त्याच भाषेत असावा आणि अक्षरेही त्याच ठशाची असावीत, असे त्यांत म्हटले आहे. आपला दावा ठळक देवनागरीत आणि खुलासा काउंटरवरच्या इंग्रजी कागदावर. वस्तू त्या किमतीला देण्याची रास्त शक्यता नसताना गिऱ्हाइकाला ओढून आणणाऱ्या जाहिरातीबद्दलही त्याच तत्त्वांमध्ये तरतूद आहे. आपल्या कायदा विभागाला ती माहीत असणारच.

आता सेलचे दर. व्यवस्थापकांचे म्हणणे असे, की सेलमध्ये आधीच एवढी सूट आहे, त्यावर आणखी कुपन कसे देणार? हे ऐकायला पटण्यासारखे वाटते. पण मी बिले टाकून देत नाही, ती महिन्यावार टाचून ठेवते. आपल्याच दालनाच्या जुलैच्या बिलात चणाडाळ किलोला 94 रुपये आहे. चवथीच्या सेलमध्ये त्याच पाकिटावर लेबल होते: एमआरपी 135, सेल 99, बचत 36 रुपये. गूळ जुलैमध्ये 62 रुपये किलो, सेलमध्ये 68, वर खोडलेली एमआरपी 85. बचत म्हणून जे दाखवले ते प्रत्यक्षात जुलैपेक्षा पाच-सहा रुपये महाग होते.

एमआरपी म्हणजे याहून जास्त घेता येत नाही अशी कमाल किंमत. आपण स्वतः त्या किमतीला ती वस्तू कधी विकलीच नसेल, तर तिच्यावर काट मारून बचत कसली दाखवता? बाजारात डाळीचा भाव वाढला असेल तर तो वाढला असे लिहा, आम्हाला समजते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. सवलतीची किंमत म्हणजे काय, हे त्यात वस्तू साधारणपणे कोणत्या भावाला विकली जाते त्याच्याशी जोडून सांगितले आहे. आपल्या लेबलाने तो साधारण भावच लपवला.

तेलाचे उदाहरण द्यायलाच हवे, कारण त्यात माणूस सहज फसतो. सूर्यफूल तेलाची नेहमीची एक लिटरची पिशवी, 910 ग्रॅमची, त्याच दिवशी 158 रुपयांना होती आणि तिच्यावर सेलचे लेबल नव्हते. शेजारी सेलची पिशवी 152 रुपयांना. दिसायला दोन्ही सारख्याच. सेलच्या पिशवीवर बारीक अक्षरांत वजन 850 ग्रॅम. हिशेब केला तर साधी पिशवी किलोमागे सुमारे 174 रुपये पडते आणि सेलची सुमारे 179. पाकिटावर आता दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापलेली असते, हे खरे. पण ती एमआरपीवरून काढलेली असते. सेलच्या दराचा हिशेब गिऱ्हाइकालाच करावा लागतो, तोही गर्दीत, एका हातात टोपली धरून. जे तेल खरोखर स्वस्त होते, त्याच्यावर लेबल नव्हते.

आणखी एक गोष्ट. कुपन देताना प्रत्येक वेळी मोबाईल नंबर मागितला गेला, आणि नंबर नसेल तर बिलच होणार नाही असे दोनदा सांगण्यात आले. बिलासाठी नंबराची सक्ती करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच दुकानदारांना बजावले आहे. कुपन चालले नाही, पण त्या नंबरावर आपले जाहिरातींचे संदेश मात्र रोज येत आहेत. ते बंद करावेत.

माझी मागणी अशी आहे. माझी सहाही कुपने आपण मान्य करावीत आणि 900 रुपयांचे वाणसामान, तूप-डाळीसकट, मला मुदत वाढवून घेऊ द्यावे, किंवा तेवढी रक्कम परत द्यावी. आणि हे फक्त माझ्यापुरते नको. योजनेतील प्रत्येक कुपनाची नोंद आपल्याकडे मोबाईल नंबरासह आहे, त्यामुळे न वापरली गेलेली कुपने कोणाकडे आहेत हे शोधायला आपल्याला अडचण येणार नाही. त्या सगळ्यांना कळवावे. अस्नोड्याच्या आजींचा नंबरही त्यात असेलच.

दिवाळी सहा आठवड्यांवर आली आहे आणि आपल्या दालनात पुढच्या सेलचे फलक लागू लागले आहेत. जीएसटी परिषदेच्या निर्णयाप्रमाणे 22 सप्टेंबरपासून तूप आणि लोण्यावरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर, तर साबण, टूथपेस्टवरचा 18 वरून 5 टक्क्यांवर येणार आहे. ती कपात सरकारने केलेली आहे. ती आपली दिवाळीची सूट म्हणून लेबलावर दाखवू नये. सेलच्या प्रत्येक लेबलावर आधीच्या महिन्यात आपण ती वस्तू कितीला विकली तो दर, आणि सेलच्या किमतीवरून काढलेला किलोचा दर, असे दोन आकडे छापावेत. ज्यांच्या सेलमध्ये खरेच सूट आहे, त्यांना यात काही जड जायचे कारण नाही. आणि कुपनाच्या सगळ्या अटी कुपनावरच असाव्यात, पुढच्या बाजूला जी भाषा असेल त्याच भाषेत.

सहा कुपनांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती, जुलैची बिले, 21 ऑगस्टचे बिल आणि त्या दिवशी मोबाईलवर काढलेले चणाडाळ, गूळ, तेल यांच्या लेबलांचे व काउंटरवरच्या कागदाचे फोटो सोबत जोडले आहेत. मूळ कुपने माझ्याकडे आहेत आणि ती मी लेखी पोच घेतल्याशिवाय देणार नाही.

या पत्राचे लेखी उत्तर मला पंधरा दिवसांत मिळावे. दूरध्वनीवरचे आश्वासन पुरेसे होणार नाही. उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. शेजारच्या तिघी आपापली कुपने घेऊन माझ्यासोबत येणार आहेत.

कळावे,

आपली ग्राहक,
खोर्ली, म्हापसा