रविवारच्या बैठकीची आठवण

सर्व सभासद बंधू-भगिनींना नमस्कार.

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता दांडिया बाजारातल्या नेहमीच्या जागी जमायचे आहे. विषय: रेल्वे कामगारांच्या पगाराच्या तंट्यात सरकारची मध्यस्थी. प्रतापनगरच्या कारखान्यात किंवा गाड्यांवर नोकरी केलेल्यांनी तर यावेच.

सुरुवात अमेरिकेपासून करू. तिथे १९२६ च्या कायद्याने रेल्वे कामगारांना थेट संपावर जाता येत नाही. आधी मध्यस्थ मंडळ, मग ३० दिवसांची थांबण्याची मुदत, त्यानंतर राष्ट्राध्यक्ष चौकशी मंडळ नेमू शकतात. २०२२ मध्ये अशाच मंडळाने पाच वर्षांत मिळून २४ टक्के वाढ सुचवली. पण कामगारांचे खरे दुखणे पगाराचे नव्हतेच, आजारपणाच्या भरपगारी रजेचे होते. त्या शिफारशींवर आधारलेला करार चार संघटनांनी नाकारला. शेवटी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा करून तो लादला, आणि सात दिवसांच्या रजेचा प्रस्ताव सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, पडला. माझ्या मते ही मध्यस्थी अर्धीच झाली. संप टळला, पण रजेचा प्रश्न तिथेच राहिला.

आपल्याकडे १९५२ पासून कायम वाटाघाट यंत्रणा आहे, तरी मे १९७४ चा देशव्यापी संप झालाच. ज्यांनी तो अनुभवला त्यांनी सविस्तर बोलावे. तरुण सभासदांनी ते ऐकायला हवे, अशी मनापासून इच्छा आहे.

त्या काळातली पत्रके, पगारपत्रके घरी जपून ठेवली असतील तर सोबत आणा. ज्येष्ठांना आणण्याची सोय हवी असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा.

आपला,
चिटणीस