जुना कॅमेरा घेताना आत डोकवा

महोदय,

उच्च श्रेणीचा वापरलेला कॅमेरा ऑनलाइन घेताना बहुतेक जण बाहेरचे ओरखडे न्याहाळतात. खरी झीज मात्र आत असते. अशा कॅमेऱ्यांचे यांत्रिक शटर साधारण दीड ते चार लाख उघडझापांच्या हिशेबाने बनवलेले असते, त्यामुळे आजवर ते किती वेळा चालले हा आकडा आधी विचारावा. निकॉन कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्राच्या मूळ फाइलमध्ये तो बहुधा नोंदलेला असतो, म्हणून विक्रेत्याकडून लहान केलेले छायाचित्र न घेता ताजी मूळ फाइलच मागवावी. एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र बारीक ठेवून, कोऱ्या कागदाचे छायाचित्र काढले, की प्रतिमा टिपणाऱ्या सेन्सरवरची धूळ काळसर ठिपक्यांच्या रूपात दिसते. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. लेन्समध्ये टॉर्चचा तिरका झोत टाकला, तर कोळिष्टकासारखी बुरशी उघडी पडते. (एवढे न केल्याचा मनस्ताप मी स्वतः भोगला आहे.) अनुक्रमांक बिलाशी जुळतो का, हे व्हिडिओ कॉलवर पाहून घ्यावे, आणि संकेतस्थळाची देयकव्यवस्था टाळून परस्पर आगाऊ पैसे पाठवण्याची घाई विक्रेता करू लागला, तर कॅमेरा कितीही देखणा असो, तो व्यवहार तिथेच सोडावा.

आपला,
एक छायाचित्रप्रेमी वाचक