बाबा, माळ्यावरची ट्रंक अजून उघडू नका

रेडिंग, इंग्लंड

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई परवा बोलता बोलता म्हणाली, की बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून बाबांनी माळा आवरायला काढलाय. स्वतःची छापलेली नाटकं तेवढी ठेवायची आणि ट्रंकेतल्या कच्च्या वह्या रद्दीत. फोनवर काही बोलले असते तर बाबांनी "बरं, बघू" म्हणत फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून हे पत्र.

बाबा, मी राहते त्या गावाच्या विद्यापीठात सॅम्युएल बेकेटची कागदपत्रं आहेत. जग त्याला 'वेटिंग फॉर गोदो'चा नाटककार म्हणून ओळखतं, पण तो आधी कादंबरीकार. तुमच्या वसंत कानेटकर सरांसारखाच. त्यांच्याही 'घर', 'पंख' या कादंबऱ्या आधीच्या आणि 'वेड्याचं घर उन्हात' नंतरचं, १९५७ मधलं. बेकेट इथे जन्मला नाही की राहिला नाही. १९७१ मध्ये इथल्या जेम्स नोल्सन नावाच्या प्राध्यापकाने त्याच्यावर प्रदर्शन भरवलं. तेव्हा बेकेटने स्वतःची हस्तलिखितं दिली आणि पुढेही देत राहिला. कुणीतरी आस्थेने मागितलं, एवढंच निमित्त.

पण २०१३ मध्ये याच विद्यापीठाने त्याच्या सहा वह्या लिलावात विकत घेतल्या. किंमत ९,६२,५०० पौंड, त्या वेळच्या दराने आठ कोटींच्या पुढे. (आई, हे वाचून बाबांना ट्रंकेला कुलूप लावू देऊ नकोस.) वह्यांत काय, तर १९३८ मध्ये छापून आलेल्या 'मर्फी' या कादंबरीचा कच्चा खर्डा. पहिलंच वाक्य पुन्हा पुन्हा खोडलेलं, समासात लेखक जेम्स जॉइस आणि चार्ली चॅप्लिन यांची चित्रं गिरगटलेली. छापील 'मर्फी' कुठल्याही दुकानात मिळते. पैसे मोजले ते या खाडाखोडीसाठी.

मला सगळ्यात आवडली ती 'क्रॅप्स लास्ट टेप'ची गोष्ट. एक म्हातारा स्वतःच्याच आवाजाच्या जुन्या टेप ऐकत बसतो, ते नाटक. १९५८ च्या पहिल्या मसुद्यावर हे नावच नाही. वर लिहिलंय 'मगीचं स्वगत'. पॅट्रिक मगी या नटाचा आवाज बेकेटने रेडिओवर ऐकला आणि त्या आवाजासाठी लिहायला घेतलं. छापील पुस्तकातून हे कळणार नाही. तुम्हीही कितीतरी भूमिका ग्रुपमधल्या कुणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यात आणि कच्च्या प्रतीत पात्राच्या जागी त्या माणसाचंच नाव टाकलंय. मी पाहिलंय ते. स्पर्धेसाठी पक्की प्रत करताना ती नावं गेली. आता ती फक्त त्या ट्रंकेत आहेत.

बेकेट १९७५ मध्ये बर्लिनला 'गोदो' स्वतः बसवायला गेला, त्याची वहीही इथे आहे. कोण कुठून येतो, किती पावलं टाकतो, सगळं आखलेलं. तुमच्या दिग्दर्शनाच्या प्रतीतले लाल-निळे बाण मला आठवतात. प्रयोग संपला की संपतो, बाबा, मागे राहतात ते बाणच.

विद्यापीठाच्या या संग्रहात वेळ ठरवून कुणालाही जाता येतं. पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. सिनेमात दाखवतात तसे पांढरे हातमोजे मात्र कागदांसाठी सहसा लागत नाहीत. हातमोज्यात बोटांना कागद कळत नाही आणि तो फाटतो. स्वच्छ, कोरडे हात पुरतात.

मुख्य म्हणजे, आहे तो क्रम मोडू नका. विषयवार गठ्ठे नकोत. एखादं पत्र ज्या वहीत सापडेल तिथेच राहू द्या, ते तिथे का होतं यातच निम्मी माहिती असते. रबर बँड आणि गंजक्या टाचण्या हलक्या हाताने काढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. नाशिकचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा? खोकी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून वर ठेवा आणि कसर लागलेली वही वेगळी काढा. सेन्सॉरचा शिक्का मारून आलेली प्रत, हिशेबाचे कागद, नेपथ्याच्या सुताराची बिलंसुद्धा ठेवा. नाटक किती पैशात उभं राहायचं ते त्यातूनच कळेल.

मग यादी करून सार्वजनिक वाचनालयात विचारू. १८४० पासूनची संस्था आहे. त्यांच्याकडे जागा असेल किंवा नसेल, पण यादी हातात असली तर बोलणं सोपं जातं. देणाऱ्याला अटी घालता येतात. अमुक पत्रं अमुक वर्षांपर्यंत उघडायची नाहीत, असं लिहून देता येतं. शिवाय आपल्याला आलेल्या पत्रांचा कागद आपला असला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. म्हणून कुणाची पत्रं परस्पर छापायला देऊ नका.

आई, अटींचं तुझ्यासाठी लिहिलंय. लग्नाआधीची पत्रं त्या ट्रंकेत आहेत आणि तुला ती कुणी वाचायला नकोत, हे मला माहीत आहे. ती तू काढून घे, तो तुझा हक्क. पण पक्क्या प्रती जाळू-फाडू नकोस. त्या सगळ्या तुझ्या अक्षरात आहेत. नाव बाबांचं, संहिता तुझ्या हातची. यादीत तसं स्पष्ट लिहायचं. आणि जिथे तुला संवाद पटला नाही तिथे तू तो गुपचूप बदललायस, तेही एकदा कुणीतरी ताडून बघू दे. बाबांना कळलं असेलच, बोलले नसतील.

फोटोंमागे नावं मात्र आत्ताच लिहा, पेन्सिलने, दाब न देता. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. बाबांना नाव आठवलं नाही की तू सांग, नाहीतरी तूच सांगतेस.

तुमची,
धाकटी